पावसाळ्यात एअर रायफल भरवशाची ठेवायची तर

ठाणे-नवी मुंबईत दहा मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्यांची पंचाईत ठरलेली असते. शालेय आणि निवड स्पर्धांची लगबग पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटाला सुरू होते, आणि रायफलला सर्वांत जास्त छळणारी हवाही त्याच महिन्यांत असते. एप्रिलपर्यंत एकाच भोकात छर्रे घालणारी रायफल ऑगस्टमध्ये अचानक छर्रे इकडेतिकडे पसरायला लागते. मग कुणी रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) उघडतं, कुणी तेल पाजतं, कुणी छर्ऱ्यांचा ब्रँड बदलतं. खरं तर रायफल बहुतेक वेळा बिघडलेली नसतेच. ओल, नको तिथे गेलेलं तेल किंवा ढिला पडलेला स्क्रू, या तिघांपैकी कुणाचा तरी तो उद्योग असतो.

आधी प्रमाण लक्षात घ्या. दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. इतक्या बारीक कामात स्टॉकचा (रायफलीच्या दस्त्याचा) स्क्रू पाव फेरा सुटला तरी गुण पडतात. म्हणूनच या रायफलीला ‘चालते आहे ना, मग झालं’ हा न्याय लावता येत नाही.

एसीतून बाहेर पडताना

सगळ्यात जास्त नुकसान रेंजच्या दारात होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. एसी रेंजमध्ये २४ अंश तापमान आहे आणि बाहेर वाशी स्टेशनच्या आवारात ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २७ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो, तसंच. फरक एवढाच की बाटलीचा घाम डोळ्यांना दिसतो, रायफलीचा दिसत नाही. तो नळीच्या आत, ट्रिगरच्या पात्यांवर, नेम धरायच्या साइटच्या आट्यांमध्ये आणि स्क्रूंच्या खाचांत धरतो.

उपाय फुकटचा आहे. सराव संपला की रायफल एसीतच पुसा, एसीतच मोठ्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, पिशवीतली हवा हाताने दाबून काढा, तोंड बांधा आणि पेटी बंद करा. हे सगळं दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी. घरी पोचल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. चार-पाच किलोंचं धूड फोमच्या गादीत झोपलेलं असतं, ते खोलीच्या तापमानाला यायला तास-दीड तास लागतो. तोवर पिशवीच्या बाहेर पाणी धरलं तरी चालेल, आत धरायला नको. दीड तासाने उघडा, पिशवी काढा, पुन्हा एकदा कोरड्या सुती कापडाने पुसा.

उलट दिशेला, म्हणजे बाहेरच्या उकाड्यातून एसीत जाताना, दवाची भीती नाही. पण गरम रायफलीवर लगेच झिरो (साइट जुळवून नेम मध्यावर आणणं) करू नका. वीस-पंचवीस मिनिटं तिला टेबलावर, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) लावून, नुसती पडू द्या. या वेळात जॅकेट चढवा, बूट बांधा. घाईत केलेलं झिरो पंधराव्या शॉटला सरकलेलं असतं आणि मग नेमबाज स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो.

पेटी फक्त वाहतुकीसाठी

फोमची पेटी पावसाळ्यात ओल्या पोळीसारखी असते. बाहेरून कोरडी वाटते, आत दमट. ठाण्यात ट्रेनमधून उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहीपर्यंत जे काही तुषार आत जातात ते फोम पिऊन टाकतो आणि मग आठवडाभर हळूहळू रायफलीला परत देतो. म्हणून घरी पेटी उघडी, पंख्याखाली, झाकण वर करून ठेवा आणि रायफल कपाटात उभी ठेवा.

कपाट कुलपाचं असावं, भिंतीला टेकलेलं नसावं. वरच्या मजल्यावरच्या घरांत पश्चिमेची भिंत पाझरते, तिच्यापासून चार बोटं पुढे. आत शे-दोनशे रुपयांपासून मिळणारं आर्द्रतामापक घड्याळ ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर लोखंडही खूश आणि लाकडाचा स्टॉकही. ६५ च्या वर गेला की सिलिका जेल बदला. कपाटाच्या आकाराप्रमाणे अर्धा ते एक किलो लागतं. जोड्याच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही, त्या मनाच्या समाधानाला ठीक.

जेल घेताना नारिंगी मण्यांचं घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. ओलं झालेलं जेल तापवून पुन्हा वापरता येतं, ११० ते १२० अंशांना तास-दोन तास, पातळ थरात पसरून. जास्त तापवलं तर मणी फुटतात आणि रंग जातो. भांडं मात्र वेगळं. स्वयंपाकाच्या कढईत हा प्रयोग कुणी करू नये, आई-आजीची परवानगी मिळाली तरी.

ज्यांना हे सगळं जड वाटतं त्यांनी कॅमेऱ्यासाठी मिळणारं विजेवर चालणारं कोरडं कपाट बघावं. खर्च जास्त, पण साइट, चष्म्याची लेन्स आणि फिल्टर यांची बुरशीपासून सुटका होते. लेन्सवर जाळं धरायला लागलं की ते पुसून जात नाही, काचेचं आवरणच खाल्लेलं असतं. साइटचं आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र) चामड्याच्या पाकिटात ठेवण्याची सवय असेल तर ती जूनपासून सोडा, चामडं बुरशीचं माहेर.

सिलिंडर: दाब, पाणी आणि गळती

हल्लीच्या मॅच रायफली आधी भरलेल्या हवेवर चालतात, बहुतेक २०० बारच्या सिलिंडरवर, काही ३०० बारच्या. त्यांच्याबद्दल पहिली ओरड असते ती ‘रात्री २०० होता, रेंजवर १९४ दिसतोय, गळतोय’. गणित करून बघा. ३३ अंशांच्या खोलीत २०० बार भरलेला सिलिंडर २४ अंशांच्या एसीत नेला, तर दाब केल्विनच्या प्रमाणात पडतो: २०० गुणिले २९७ भागिले ३०६, म्हणजे १९४. एक छर्राही न उडवता सहा बार गेले आणि गळती काहीच नाही. भरताना गरम झालेला सिलिंडर थंड झाल्यावरही असाच उतरतो. म्हणून भरणं सावकाश करा आणि आकडा अर्ध्या तासाने, तापमान तेच असताना लिहा. दाबाची छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, तापमान, बार. गळती आहे की हवामान, हे वही सांगते.

खरी गळती शोधायची तर दोन रात्री द्या. पहिल्या रात्री सिलिंडर रायफलीला जोडून ठेवा, दुसऱ्या रात्री काढून, आणि त्याच खोलीत, त्याच वेळी मोजा. काढलेलाही उतरत असेल तर दोष सिलिंडरच्या वाल्वचा. तोंडावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडा कुठे येतो बघा, मग पुसून कोरडं करा. फक्त जोडलेला असतानाच उतरत असेल तर दोष जोडावरच्या ओ-रिंगचा (रबरी कड्याचा) किंवा रायफलीच्या आतला. ओ-रिंग नखाने चाचपली तर चपटी पडलेली, चिरलेली किंवा कोरडी जाणवते. बदलताना कंपनीचीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली ‘त्याच साइजची’ रिंग दिसायला तीच असते, पण रबर वेगळं आणि जाडी केसभर कमी. बसवताना सिलिकॉन ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नाही. आतला दोष असेल तर पुढे हात घालू नका, रायफल आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. दाबाखालचं यंत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडायचं नसतं.

आता पाण्याचं. ०.२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरायला बाहेरची ४० लिटर हवा लागते. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे एका भरण्यात जवळपास एक ग्रॅम पाणी पंपात शिरतं. चांगल्या कंप्रेसरचा विभाजक आणि फिल्टर त्यातलं बहुतेक अडवतात, हातपंप बराच कमी अडवतो. जे अडत नाही ते सिलिंडरच्या पोटात आणि पुढे रेग्युलेटरच्या बारीक वाटेवर जाऊन बसतं. लक्षण हे की तोच नेम, तेच छर्रे, पण शॉट कधी वर कधी खाली, उभी रेघ ओढल्यासारखे.

- कंप्रेसरचा पाण्याचा नळ प्रत्येक भरण्यानंतर उघडून फुंकून काढा. काय निघतं ते कापसावर घेऊन बघा. पाणी स्वच्छ असेल तर ठीक, तेलकट फेस असेल तर फिल्टर बदला.
- हातपंप असेल तर दर ५०-६० दट्ट्यांनंतर थांबा, ब्लीड करा (साठलेली हवा-पाणी सोडा), पंप गार होऊ द्या. गरम पंपातून पाणी वाफ होऊनच पुढे जातं.
- पंप जिथे कोरडी हवा आहे तिथे मारा, म्हणजे एसी तासभर चालू असलेल्या खोलीत. गॅलरीत नव्हे.
- सिलिंडर पूर्ण रिकामा कधीच करू नका. आत थोडा दाब राहिला की वाल्व घट्ट बसलेला राहतो आणि बाहेरची दमट हवा आत येत नाही.
- मॅन्युअलमधल्या किमान दाबाच्या खाली शॉट मारू नका. रायफलीप्रमाणे आकडा बदलतो, बहुधा ५० ते ७० बारच्या पट्ट्यात असतो.
- स्कूबाच्या दुकानातून हवा भरून आणलीत तर ती साधी श्वासाची हवाच आहे, याची खात्री करा. ऑक्सिजन किंवा ऑक्सिजनमिश्रित वायू चालत नाही, तेलाच्या कणाबरोबर तो पेट घेऊ शकतो.

सिलिंडरवर ठोकलेली तारीखही वाचून ठेवा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, काही जास्त. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवर आहे. पालकांनी जुनी रायफल विकत घेताना रायफलीची किंमत जोखली आणि सिलिंडरची तारीख बघायची राहिली, असं होतं. मुदत संपलेला सिलिंडर कितीही चकचकीत असो, तो भंगार.

तेल म्हणजे औषध, खुराक नव्हे

पावसाळा आला की गंजाच्या धास्तीने तेलाची बाटली निघते आणि इथेच रायफल खरोखर बिघडते. नियम सोपा आहे: तेल बाहेरच्या लोखंडावर, हवेच्या वाटेवर अजिबात नाही.

बाहेरून पुसायला गन ऑइलचे दोन थेंब सुती फडक्यावर घ्या, फडकं चोळून तेल पसरू द्या आणि नळीचा बाह्यभाग, लिव्हर, स्क्रूंची डोकी यांवरून एक हात फिरवा. बोट लावलं तर ओलं लागू नये, फक्त चकाकी दिसावी. हाताच्या घामाचं मीठ वाईट, म्हणून पकडीजवळचा आणि गालाजवळचा धातू रोज. कोलशेत, कोपरी, ऐरोली, वाशी असं खाडीच्या कडेला घर असेल तर आठवड्यातून दोनदा. तांबूस ठिपका दिसला तर त्यावर तेलाचा थेंब दोन-तीन तास राहू द्या आणि मग खरखरीत सुती कापडाने चोळा. पॉलिश पेपरला हात लावू नका, ठिपक्याबरोबर काळा मुलामाही जातो.

सराव म्हणून स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची रायफल वापरणाऱ्यांना आणखी एक सांगणं. तिच्या दाबकक्षात साधं तेल गेलं तर दट्ट्या सुटताना हवा इतकी तापते की तेल पेटतं, डिझेल इंजिनासारखं. मोठा आवाज, तोंडातून धूर, जळका वास. मुलांना वाटतं ताकद वाढली. प्रत्यक्षात सील जळत असतं आणि स्प्रिंगला झटके बसत असतात. जुन्या देशी रायफलींत चामडी वॉशर असतो, तो मात्र कोरडा पडला की दाब कमी होतो. त्याला सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब हवेच्या छिद्रातून द्या, रायफल रात्रभर उभी ठेवा आणि मग पुसा. कृत्रिम सील असेल तर तेही नको. आणि स्प्रिंगवाली रायफल ताणून तशीच ठेवायची नाही, रिकामी सोडायचीही नाही.

नळी

शिशाचे मॅच छर्रे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचे आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या घरात. एवढ्याने नळीत फारसा मळ साचत नाही. म्हणून रोज साफ करण्याची गरज नाही, पावसाळ्यात तर त्याची ओढ जास्तच असते. दर ५०० शॉटनंतर, किंवा ग्रुप (शॉटचा पुंजका) पसरतोय असं दोन दिवस दिसलं तर, साफ करा.

हवेवर चालणाऱ्या रायफलीत फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या दोन-दोन एकत्र घालून उडवतात. एकटी गोळी फार हलकी पडते. पहिल्या जोडीवर करडा-काळा मळ येतो, तिसऱ्या-चौथ्या जोडीवर जवळपास पांढरी निघाली की थांबा. स्प्रिंगवालीत फेल्ट उडवायचं नाही. तिथे नायलॉनची दोरी तोंडाकडून आत घालून मागून बाहेर काढा, टोकाला मऊ चिंधी बांधा आणि मागून पुढे, छर्रा जातो त्याच दिशेने, एकदाच ओढा. दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. त्या कडेवर ओरखडा पडला तर तो नंतर कुणालाच काढता येत नाही. पितळी किंवा स्टीलचा ब्रश या नळीत कधीच नको.

साफ केलेली नळी पहिले दहा-वीस शॉट वेगळे मारते, मग स्थिरावते. त्यामुळे मॅचच्या सकाळी साफसफाई हा स्वतःच्या पायावर धोंडा. दोन दिवस आधी करा आणि त्यानंतर निदान वीस छर्रे मारून ठेवा.

स्क्रू, स्टॉक, साइट

लाकडाचा स्टॉक पावसात फुगतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आकसतो. त्यामुळे ॲक्शनचे (नळी-ट्रिगरच्या यंत्रभागाचे) स्क्रू जूनमध्ये नीट कसले असले तरी ऑक्टोबरमध्ये ढिले निघतात. ॲल्युमिनियमच्या स्टॉकला फुगणं नाही, पण त्याला जोड जास्त, म्हणजे सुटायला जागा जास्त.

मॅन्युअलमधला टॉर्क बघा, टॉर्क पाना वापरा आणि कसून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. रोज पाना लावून चाचपत बसायला नको. चाचपता चाचपताच स्क्रू हळूहळू जास्त कसला जातो आणि ॲक्शनला ताण येतो. हीच रेघ साइटच्या पट्टीवर, चीकपीसवर (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेटच्या (खांद्याला टेकणारी पट्टी) खुणेवरही ओढा. वजन, लांबी, उंचीच्या खुणा वहीत लिहून ठेवल्यात तर विमानतळावरून पेटी उघडून आली तरी सगळं जागच्या जागी लावता येतं.

मागची साइट घट्ट आहे का हे हाताने हलवून बघू नका. टार्गेटवर बघा. पाच शॉट मारा, साइट दहा क्लिक डावीकडे न्या, पाच मारा, दहा क्लिक परत उजवीकडे आणा, पाच मारा. पहिला आणि तिसरा ग्रुप एकमेकांवर बसला पाहिजे. नाही बसला तर आट्यांत ओल, मळ किंवा झीज आहे.

छर्रे

शिसं दमट डब्यात पांढरट पडतं. ती भुकटी म्हणजे शिशाचा गंज, ती विषारी आहे आणि नळीलाही वाईट. असा डबा सरळ बाजूला काढा, धुऊन-पुसून वाचवायच्या भानगडीत पडू नका. छर्ऱ्यांना तेल लावू नका. डबा उघडला की बोटांनी चिमटीत घेण्याऐवजी थोडे छोट्या ट्रेमध्ये ओता. पडलेला छर्रा उचलून भरायचा नाही, त्याचा घागरा वाकलेला असतो आणि तो नवाला जातो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा डब्यावर लिहिलेला असतो. रायफलीला कोणता मानवतो हे पावसाळ्याआधी शोधून त्याच लॉटचे डबे साठवा. सराव संपल्यावर वडापाव हातात घेण्याआधी साबणाने हात धुवा. लहान मुलांच्या बाबतीत हे रायफलपेक्षा महत्त्वाचं आहे.

मॅचच्या आठवड्यात

शेवटच्या सात दिवसांत ट्रिगर, टॉर्क, छर्रे, बटप्लेट यांपैकी काहीही बदलायचं नाही. फक्त तपासायचं. पेटीत काय असावं: भरलेला दुसरा सिलिंडर, ओ-रिंगचा एक जोड, मापाच्या ॲलन की, दोन कोरडी फडकी, सेफ्टी फ्लॅग दोन (एक हमखास हरवतो), जाड पॉलिथिनच्या पिशव्या, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी. जॅकेट घामाने ओलं असेल तर रात्री पंख्याखाली हँगरवर, उन्हात नव्हे. संघटनेचं ओळखपत्र आणि रायफलीच्या बिलाची प्रत पेटीच्या कप्प्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत लांब पेटी बघून कुणी विचारलं तर कागद बोलतो. परवाना नाही याचा अर्थ येऊरच्या झाडीत नेम धरता येतो असा नव्हे. ते राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे आणि तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

मॅचच्या दिवशी तयारी आणि सायटिंगला (गुणांत न धरले जाणारे, नेम जुळवायचे शॉट) १५ मिनिटं, मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं. निघण्याआधी घरी दाब बघा आणि रेंजवर पुन्हा बघा. पाच-सहा बार कमी दिसले तर आधी तापमान आठवा. पंधरा-वीस कमी दिसले तर दुसरा सिलिंडर चढवा, सायटिंगमध्ये दहा शॉट जास्त मारून झिरो पक्कं करा आणि पहिल्या सिलिंडरची चौकशी घरी गेल्यावर करा.